मांडून ठेवलेले दगड

किल्ला म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. ही खोड कॉलेजपासूनची. पुण्यात असताना आम्ही गडावर जायचो ते नुसतं फिरायला नाही, श्रमदानाला. टाक्यांतला गाळ उपसायचा, तटातून उगवलेली पिंपळाची रोपं उपटायची, ढासळलेले दगड उचलून पुन्हा भिंतीवर रचायचे आणि उतरताना हातांवरचे फोड एकमेकांना दाखवायचे. पुढे कुवेतला आलो, मंगफमध्ये संसार थाटला, रिफायनरीत यंत्रांची मापं तपासता तपासता केस पिकले, पण ती ऐट काही गेली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात किल्ल्यांवर बोलायला मीच उभा राहायचो. कोणी बोलावलं नाही तरी राहायचो.

त्यामुळे कुवेतमध्येही एक प्राचीन किल्ला आहे हे मला न्हाणीघराची फरशी बदलायला आलेल्या एका गवंड्याकडून कळावं, याचा मला थोडा रागच आला होता.

इमारतीच्या हारिसने, म्हणजे इथल्या रखवालदाराने, त्याला आणलं होतं. खैतानला सहा जणांच्या खोलीत राहणारा, देवगडकडचा, चाळिशीतला माणूस. आमचं मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. फरशीचं काम तो सुट्टीच्या दिवशी करायचा. एरवी फैलका बेटावर, जुन्या किल्ल्याच्या डागडुजीला. बायकोने चहा दिला तर तो कप हातात धरून उभाच राहिला आणि किल्ल्याबद्दलच बोलत बसला. चार बाजूंचा तट, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक, आत दोन देवळं.

"एकदा येवा साहेब," तो म्हणाला. "तीन वर्सां काम करतंय. आपल्या माणसांनी कोणी बघूकच नाय."

मी लगेच मंडळाच्या ग्रुपवर सहल जाहीर केली. जाहीर करताना लिहिलं, 'चला, रोमन साम्राज्याच्या सीमेवरचा किल्ला पाहू या.' दोन हजार वर्षांपूर्वीची चौकोनी छावणी आणि खंदक म्हणजे रोमनच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. शोधून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

थंडीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही सालमियाच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. नऊ कुटुंबं, शिवाय कोणाच्या तरी सासूबाई, गुडघे दुखत असूनही हट्टाने आलेल्या. बोटीच्या इंजिनावर आवाज चढवून मी रोमन सैनिकांबद्दल बोललो. साम्राज्याच्या टोकाला राहणं म्हणजे काय, घरापासून हजारो मैलांवर भिंतीआड दिवस मोजणं म्हणजे काय. बोललो चांगलं. लोक ऐकत होते. बायकोने मात्र एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

फैलकाच्या धक्क्यावर गवंडी उभा होता. सुट्टीचा दिवस, तरी तो पहिल्या बोटीने आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. नव्वद साली इराकच्या लढाईत लोक उठून गेले ते बहुतेक परतलेच नाहीत, अशी ती ओस घरं ओलांडून त्याने आम्हाला किल्ल्यापाशी नेलं. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. तट माझ्या कमरेएवढा. पांढरट, समुद्रकाठचा, भुसभुशीत वाटणारा दगड. मी बायकोला हळूच म्हणालो, "आमच्या गडाच्या पायरीएवढा आहे सगळा." हळूच म्हणालो खरं, पण ते त्याला ऐकू गेलं असावं.

तो पुढे झाला. लोकांना गोळा करून सांगू लागला, आणि पहिल्याच वाक्याला मी त्याला थांबवून 'रोमन' असं पुरवलं.

"रोमन नाय साहेब. ग्रीक," तो म्हणाला. "रोमन हय येवच्या आधीचे. थय आत दगडावर अक्षरां गावलेली, राजाच्या माणसाचा पत्र. ता आता म्युझियमात ठेवल्यानी."

कोणीतरी हसलं. मीही हसलो, पण कानांच्या पाळ्या तापल्या. नंतरचा अर्धा तास तो बोलत होता आणि सगळे त्याच्यामागून फिरत होते, माझ्यामागून नाही. देवळाचा चौथरा कुठे, विहीर कुठे, नंतरच्या लोकांनी आत दाटीवाटीने घरं कशी घातली. उत्खननावरचे साहेब लोक आपसात बोलायचे ते ऐकून ऐकून तो हे शिकला होता. आणि मला जे बोटीवर दहा मिनिटं लागलं ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

"ते पण आमच्यासारकेच बॅचलर," तटावर हात ठेवून तो म्हणाला. "घरापासून लांब, काँट्रॅक्टावर."

बायकामुलं गावी ठेवून आलेल्या कामगाराला इथे बॅचलरच म्हणतात, त्यामुळे यावर सगळे मनापासून हसले. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो कशाचा होता हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ईशान्येच्या कोपऱ्याला दोरी बांधली होती. ती ओलांडायची कोणाला परवानगी नव्हती, पण सावली तेवढी तिथेच होती, एक ताडपत्री ताणलेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दोरी खाली केली. "आपली माणसा," तो म्हणाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला की हा कोपरा त्याचा आहे. बाकी भिंतीवर दहा जणांचे हात लागलेत, हा त्याने एकट्याने केला. त्याचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, महिनाअखेर संपत होता. कोपरा नीट बसला तर देखरेख करणारे गृहस्थ पुढच्या वर्षासाठी त्याचं नाव पुढे करणार होते. रविवारी मापं घेणारे आणि फोटो काढणारे लोक येणार होते. "मगे सांगतंय सगळा. मागच्या बाजूक काय मांडलंय ता शेवटाक दाखयतंय."

तेवढ्यात निरोप आला की सासूबाई धक्क्यापासून अर्ध्या वाटेवर बसल्यात आणि उठता येत नाहीये. तो कामावरची पिकअप घेऊन त्यांना आणायला निघाला. जाताना वळून म्हणाला, "सावलेत बसा. पन कशाक हात लावू नकात."

हे मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि मला वाटलं, हे इतरांसाठी आहे.

बसून लोकांना कंटाळा आला. मुलं फोनमध्ये डोकी घालून बसली. कोपऱ्याबाहेर वाऱ्याने आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या अडकल्या होत्या. मी उठलो. म्हणालो, "किल्ल्यावर येऊन नुसतं बसायचं? आपली ती रीत नाही." श्रमदान हा शब्द उच्चारताच माझ्यात बळ आलं. मुलांना पिशव्या दिल्या. बाटल्या झाल्या, पत्र्याचे डबे झाले. वाळूत आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या खोचलेल्या होत्या, त्या मुलांनी उपटून पिशवीत भरल्या. आणि मग मला ताडपत्रीच्या मागच्या बाजूला दगड पडलेले दिसले.

पडलेले! ते ओळीने होते. एकाखाली एक, सहा ओळी. मोठ्याशेजारी छोटा, मध्ये बोटभर फट. मी आयुष्यभर शटडाउनची, म्हणजे यंत्रं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं केलेला माणूस. पंप उघडला की त्याचा एकेक नट, एकेक वॉशर ताडपत्रीवर काढला त्याच क्रमाने मांडायचा, शेजारी चिठ्ठी लावायची, हे मी पोरांना शिकवतो. एकदा एका हेल्परने झाडताना माझी मांडणी हलवली तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर इतकं बोललो की तो रडला. ते दगड मांडलेले आहेत हे मला दिसायला हवं होतं. मला दिसले ते ढासळलेले दगड, आणि उचलून भिंतीवर ठेवणारा मी.

आम्ही साखळी केली. हातोहात दगड सरकत गेले. मी तटाशी उभा राहून बसतील तसे रचत होतो, सराईतपणे, फटीत बारीक दगड ठोकून. कोणीतरी घोषणा दिली. माझा फोटो काढला गेला, दोन्ही हातांत दगड, कपाळावर घाम. अर्ध्या तासात जमीन स्वच्छ झाली.

पिकअप थांबली. त्याने आधी सासूबाईंना हात देऊन उतरवलं, सावलीत बसवलं, पाण्याची बाटली उघडून दिली. मग तो मागच्या बाजूला गेला.

मला वाटलं होतं तो खूश होईल. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच वाटलं होतं.

"ह्या काय केलास तुमी?" तो म्हणाला. ओरडला नाही. रिकाम्या वाळूवर उकिडवा बसला. मग उठून मी रचलेल्या भिंतीतला एक दगड काढला, उलटा करून पाहिला, दुसरा काढला, तोही पाहिला, आणि दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. कोपऱ्याचा तो भाग त्याने गेले दोन महिने दगड न् दगड सोडवला होता. जसा भिंतीत होता तसा जमिनीवर मांडला होता. पट्ट्यांवर आकडे होते. रविवारी त्यावरून नकाशा होणार होता, आणि मगच दगड परत चढणार होते. त्याच्या स्वतःच्या डोक्याशिवाय त्या क्रमाची नोंद कुठेही नव्हती.

मी म्हणालो, "अहो, पण सांगायचं ना आधी." हे माझं पहिलं वाक्य. माफीचं नाही.

मग देखरेखीवरचे ते वयस्कर अरब गृहस्थ आले. शुक्रवारी ते येत नसत, पण एवढी माणसं पाहून कोणीतरी कळवलं असावं. त्यांनी दोरी पाहिली, वाळू पाहिली, भिंत पाहिली. आणि सगळ्यांत पुढे मी उभा होतो म्हणून मलाच शांतपणे इंग्रजीत विचारलं, हे दगड कोणी हलवले?

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला अजून आठवतं. प्राचीन वास्तूची नासधूस. पोलीस. रिफायनरीचा पास. मंगफचा फ्लॅट. विमानतळावरची रांग. मी म्हणालो, "आम्ही आलो तेव्हा असंच होतं." आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून वर म्हणालो, "आत बसायला आम्हाला या माणसानेच सांगितलं."

दुसरं वाक्य खरं होतं. तेच जास्त वाईट होतं.

माझ्यामागे वीस-बावीस मोठी माणसं उभी होती. कोणी बोललं नाही. पण त्यांच्याआड मला लपायचं नाही, कारण विचारलं मला होतं. त्याला एवढं इंग्रजी कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे फक्त पाहिलं, आणि मग त्या गृहस्थांना अरबीत काहीतरी सांगितलं. त्यात एक शब्द मला समजला, आपल्या 'गलती'सारखा. 'अना गलतान'. चूक माझी.

परतीच्या बोटीत कोणी गाणी म्हटली नाहीत. बायको माझ्याशेजारी येऊन बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. ती नर्स आहे. वॉर्डात वीस वर्षं काढल्यामुळे तिला कशाचीही नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. गाडी कुठल्या खांबाशी लावली त्याचाही ती फोटो काढते. सावलीत बसल्या बसल्या तिने सगळ्यांच्या पिशव्यांचा फोटो काढला होता, निघताना एखादी राहू नये म्हणून. पुढे अकरा पिशव्या. आणि मागे, उन्हात लख्ख, सहा ओळींत मांडलेले दगड. एकही सुटला नव्हता.

"यावरून त्यांना परत लावता येतील," ती म्हणाली. "आकार दिसतायत बघ. आज पाठवला तर दोन दिवस आहेत."

"मला पाठव," मी म्हणालो. "त्याचा नंबर माझ्याकडे आहे."

तिने तिथेच पाठवला. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे चूक झाली तर पहिल्यांदा पेशंट सावरतात. कोणाची चूक ते नंतर." आणि डोकं मागे टेकून तिने डोळे मिटले. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

मी तो फोटो पाठवला नाही.

कारण सांगतो, त्याला फार खोल काही नाही. ज्या फोटोने त्याचा कोपरा वाचला असता त्याच फोटोने मी खोटा ठरलो असतो. आमच्या पिशव्या, मागे जागच्या जागी दगड, आणि खाली फोटो काढल्याची वेळ. तो तो फोटो घेऊन त्या गृहस्थांकडेच जाणार होता, दुसरीकडे कुठे जाणार? शुक्रवारी संध्याकाळी मी म्हटलं, उद्या पाठवू. शनिवारी त्याचा दोनदा फोन आला. मी फोन उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत जेवलो. रविवारी मी कामावर गेलो. आता पाठवून उपयोग नाही, असं सोमवारी स्वतःला सांगितलं आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

महिनाअखेर तो गावी गेल्याचं हारिसकडून कळलं.

इकडे मंडळाच्या ग्रुपवर माझा दगड धरलेला फोटो फिरत राहिला. 'सातासमुद्रापार गडसंवर्धन'. ते लिहिणाऱ्या मंडळाच्या चिटणीसबाई त्या दिवशी बोटीत नव्हत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही खाली शाबासकीचे अंगठे टाकले. संक्रांतीच्या कार्यक्रमात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी नको म्हणू शकलो असतो. मी शाल पांघरून घेतली, चार शब्दही बोललो, आणि ते बोलताना या वेळी 'ग्रीक' म्हणालो.

घरी येऊन शालीची घडी घालताना बायकोने विचारलं, "त्या भाऊंना जमलं का रे काही त्या फोटोवरून?"

"जमलं बहुतेक," मी म्हणालो.

त्यानंतर नऊ-दहा महिने गेले. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी ओट्याशी उभा राहून कांदा चिरत होतो आणि फोन वाजला. हात ओले होते म्हणून बायकोनेच उचलून स्पीकरवर टाकला. आधी नाव न बघता, मग बघून, हसून. "अगो बाई, भाऊ तुम्ही!"

त्याने दोघांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. गावात लोकांचे गडगे, कुंपणाच्या भिंती, बांधतो, म्हणाला, चिऱ्याचे, काम बरं चाललंय. आवाजात कुठेही टोचणी नव्हती. मी सुरी हातात धरून उभा होतो. मग थोडा अडखळत तो म्हणाला, "एक काम होता साहेब. त्या दिवशीचो एखादो फोटो आसा काय तुमच्याकडे? किल्ल्याचो. आमका थय फोटो काढूक देत नाय होते. झिलाक दाखवचो आसा. तो म्हणता, बाबा, तुमी थय घमेलीच उचलीत होतास."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुमचा तो कोपरा?" तिने फोनला विचारलं, माझ्यावरची नजर न काढता. "लागला ना नीट?"

"खय लागतलो वहिनी," तो हसला. "आठवान आठवान मांडलंय दोन रात्री. वरच्या तीन ओळी गावल्यो. खालचा काय जमाक नाय. ते म्हणाले, ऱ्हवांदे."

बायकोने हात लांब करून गॅस बंद केला. मला वाटत होतं ती आता मला काहीतरी विचारेल. विचारलं असतं तर मी कदाचित आणखी एक खोटं बोललो असतो, मला माझा भरवसा नाही. पण तिने विचारलं नाही.

"भाऊ," ती फोनला म्हणाली, "मांडलेल्या दगडांचा फोटो आहे आमच्याकडे. सगळ्या ओळींचा. त्याच दिवसापासून आहे."

पलीकडे कोंबडा आरवला. कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.  मग तो म्हणाला, "बरां. धाडा."

बायकोने फोन माझ्यापुढे ठेवला आणि ती बाहेर निघून गेली. मी हात पुसले आणि बऱ्याच मागे जाऊन तो फोटो शोधला. पाठवला. दोन खुणा निळ्या झाल्या. मी माफीचं लिहायला घेतलं. 'माझ्याकडून' एवढं लिहून पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्याचं उत्तर आलं. तोच फोटो परत पाठवला होता. चौथ्या ओळीतल्या डावीकडून तिसऱ्या दगडाभोवती बोटाने लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ह्योच माका आठवत नाय होतो.'